कमल सिस्टरचा तापाचा तक्ता

"आई, ऐंशीपर्यंत काही टेन्शन नाही. पंच्याऐंशीला लक्ष ठेव. नव्वदच्या वर गेलं तर मला फोन कर. आणि पंच्याण्णव झालं ना..." हेरंबच्या तोंडात चपातीचा घास होता, त्यामुळे पुढचं वाक्य अडकलं.

"तर काय करू? आयसीयूत हलवू?" कमल सिस्टरने विचारलं.

"तर तो आपोआप एकदम हळू होतो. थोडा थोडा तर आधीपासूनच होतो. आणि शंभरच्या पुढे गेला तर बंदच पडतो. स्वतःला वाचवायला."

"शहाणा आहे म्हणायचा. माणसांना एवढी अक्कल असती तर आमचे वॉर्ड ओस पडले असते."

बोलणं चाललं होतं ते हेरंबच्या कॉम्प्युटरबद्दल. परळच्या दत्तकृपा बिल्डिंगमधल्या तेवीस नंबरच्या खोलीत, कपाट आणि देव्हारा यांच्यामधल्या जागेत तो सकाळी नऊपासून घरघरत होता. कमल सिस्टर चौतीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात नोकरी करून मेअखेर रिटायर झाली होती. तेव्हापासून तिच्या हाताला नाडी म्हणून लागली नव्हती. नवरा रघुवीर सकाळी आठला ऑफिसला जायचा तो ठणठणीत, आणि संध्याकाळी यायचा तोही ठणठणीत. मध्यंतरी त्याला दोन शिंका आल्या तर तिने इतक्या उत्साहाने थर्मामीटर काढला, की त्याने तिसरी शिंक बाथरूममध्ये जाऊन दिली.

हेरंबचं मात्र आज खरोखर अडलं होतं. लालबागच्या एका मंडळाने यंदाच्या गणपतीतल्या देखाव्याची फिल्म त्याला दिली होती. गिरणीचा भोंगा, पहाटेची पाळी, दिव्यांखाली लगबगीने निघालेली माणसं, सगळं कॉम्प्युटरवर उभं केलेलं. त्याचं हे पहिलं स्वतंत्र काम. आज संध्याकाळी सहाला कमिटी फिल्म बघणार होती, आणि पसंत पडली नाही किंवा तयारच नसली, तर काम अंधेरीच्या स्टुडिओकडे जाणार होतं. शेवटच्या प्रसंगाची नऊशे चित्रं अजून मशीनमधून निघायची होती. हेरंबच्या अंदाजाने साध्या वेगात त्याला साडेसात वाजले असते. म्हणून त्याने ओव्हरक्लॉकिंग केलं होतं, म्हणजे कंपनीने प्रोसेसरला जेवढा वेग नेमून दिलाय त्याच्या पुढे त्याला दामटला होता. त्यासाठी थंड करणारा पंखाही तसाच दणकट लागतो. हेरंबकडे होता तो प्रोसेसरच्या खोक्यात फुकट आलेला, आमटीच्या वाटीएवढा. मोठा घ्यायचा रोज ठरत होता आणि रोज राहत होता.

"मी इथेच थांबलो असतो, पण मंडपात पडदा आणि प्रोजेक्टर मीच लावायचाय," तो चपलेत पाय सरकवत म्हणाला. तीन दिवस धड न झोपल्याने त्याचे डोळे जांभळासारखे झाले होते. "लाइट गेलीच, तर परत चालू करून या चित्रावर दोनदा क्लिक कर. जिथे थांबलंय तिथून पुढे चालू होईल. बाकी कशाला हात लावू नकोस."

"अरे, थोडा पडला असतास..."

"आई, माझं सोड, त्याचं बघ!"

तो गेला. कमल सिस्टरने पदर खोचला, ड्रॉवरमधून वॉर्डातला जुना, मागून कोरा कागद काढला आणि पट्टीने रेघा मारल्या. वेळ. ताप. शेरा. मग सवयीने तिने आणखी एक रकाना पाडला. रुग्णाने किती घेतलं आणि किती बाहेर टाकलं, हे लिहिल्याशिवाय चौतीस वर्षांत तिची एक ड्युटी संपली नव्हती. घेतलं काय, तर वीज, ती मोजता येईना. बाहेर टाकलं काय, तर चित्रं. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांचा आकडा दिसत होता. वर नाव लिहायचं म्हणून तिने लिहिलं, 'हेरंबचा कॉम्प्युटर, वय दीड वर्ष, पुरुष.' पुरुष कशावरून, असं कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, एवढा तापतो आणि कुरकुरतो म्हणजे पुरुषच.

पहिल्या तासात एकशे दहा चित्रं निघाली. दहाला ताप चौऱ्याऐंशी, साडेदहाला अठ्ठ्याऐंशी, अकराला एक्क्याण्णव. तिने हेरंबला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मंडपात सुतारांची मशिनं चालू असणार, त्यात याला काय ऐकू येतंय. तिने तीनदा लावला आणि शेऱ्यात लिहिलं, 'डॉक्टर उपलब्ध नाहीत.'

डॉक्टर नसताना वॉर्ड कसा सांभाळायचा हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने रुग्णाकडे नीट निरखून पाहिलं. कॅबिनेटवर शेजारच्या जाईबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. आता रुमाल म्हणायचा तो म्हणायला, नाहीतर दोन्ही बाजूंनी झालरीसकट खाली उतरणारी ती चादरच होती. जाईबाई बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरातल्या टीव्हीला, मिक्सरला आणि फ्रिजला असं वस्त्रदान करत. हेरंबने तो दोनदा काढून ठेवला होता आणि दोन्ही वेळा जाईबाई आठ दिवस घरात आल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा तो घातला तो घातलाच. कमलने रुमाल अलगद उचलला. खालून अशी गरम हवा आली की जणू कुकरचं झाकण काढलं. पंधरा मिनिटांत ताप एकोणनव्वदवर आला. तिला इतकं बरं वाटलं की तिने मशीनवर दोनदा थोपटून 'शाब्बास' म्हटलं.

आणि तेवढ्यात दारात जाईबाई.

"काय गो कमल, एकटीच बोलतंस काय?" हातात वाटी होती, वाटीत बांगड्याचं तिखलं. वाटी ठेवता ठेवता त्यांची नजर कॅबिनेटवर गेली. "माझो रुमाल खंय गेलो?"

कमल सिस्टरने एकेकाळी दारू पिऊन आलेल्या पहिलवानाला एका शब्दात खाटेवर बसवलं होतं. पण शेजारणीचं मन मोडायचं म्हणजे पहिलवानाचं काम नव्हे. "इथेच आहे, जाईबाई. झटकायला काढला होता," असं म्हणून तिने तो परत घातला. वर झालर सारखी केली.

जाईबाई स्थिरावल्या. त्यांच्या भाचीचं लग्न, भाचीच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, ऑपरेशननंतर सासूने सुनेला धाडलेला निरोप. कमल हं हं करत होती आणि तिचा एक डोळा स्क्रीनवर होता. साडेअकरा, त्र्याण्णव. पावणेबारा, पंच्याण्णव. बाराला शहाण्णव, आणि अकरा ते बारा या तासात निघालेली चित्रं फक्त पंचाहत्तर. रुग्णाला ताप चढत होता आणि लघवी कमी होत होती. असा रुग्ण सिस्टर डोळ्यांआड होऊ देत नाही.

"तुझा ध्यान खंय आसा?" जाईबाईंनी शेवटी विचारलं. "कोण आजारी आसा काय?"

"हा. शहाण्णव ताप आहे."

"शहाण्णव? मगे ताप खंय? थंड पडलो हा तो!"

"आपल्या थर्मामीटरचे शहाण्णव नव्हेत हो. हे दुसऱ्या मापाचे. पाणी शंभरला उकळतं ना, त्या मापाचे."

जाईबाईंनी हिशोब केला आणि ताडकन उठल्या. "म्हणजे हेच्यार चाय होतली! आणि तू मेल्याक पांघरूण घालून ठेवलंस? नर्स कसली गो तू?" त्यांनी स्वतःच्या हाताने रुमाल ओढून काढला आणि खांद्यावर टाकला. कधी कधी खरं बोलण्यापेक्षा गप्प राहण्याला जास्त धैर्य लागतं.

आता मात्र दोघी कामाला लागल्या. तापलेल्या रुग्णाचे कपडे सैल करावेत म्हणून कमलने कॅबिनेटच्या कडेचे दोन स्क्रू हाताने फिरवले आणि पत्रा काढला. घरातला टेबलफॅन स्टुलावर चढवून समोर लावला. जाईबाई मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या आणायला निघाल्या होत्या, त्यांना तिने दाराशी जाऊन अडवलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब तर, माझो फॅन हाडतंय. आमच्या ह्यांच्या वेळचो आसा. असो वारो मारता की भिंतीवरचा कॅलेंडर उडता."

जाईबाईंचे यजमान गिरणीत वायरमन होते. त्यांच्या मागे राहिलेला तो पंखा चांगला कंबरेएवढा, लोखंडी पात्यांचा. तो कॉम्प्युटरच्याच बोर्डात लागला. जाईबाईंनी बटण दाबलं. पंखा एकदा गुरगुरला, बोर्डातून एक निळी ठिणगी उडाली, आणि खोलीतले दोन्ही पंखे, फ्रिज, ट्यूबलाइट आणि हेरंबचं पहिलं स्वतंत्र काम एकदम थांबलं.

इतकी शांतता तेवीस नंबरमध्ये वर्षानुवर्षं झाली नव्हती. खालच्या मसाल्याच्या दुकानातलं कांडप तेवढं ऐकू येत होतं.

"गेलो?" जाईबाईंनी हळूच विचारलं.

कमल सिस्टर काळ्या स्क्रीनपुढे उभी राहिली. तिने कित्येक माणसांना जाताना बघितलं होतं आणि दुसऱ्या मिनिटाला पुढच्या खाटेकडे वळली होती. पण आता तिला तिथून हलता येईना. पोराने तीन महिने खपून, जेवण विसरून हे उभं केलं होतं. विश्वासाने एक काम तिच्यावर सोपवलं होतं, आणि तेही तिने बुडवलं. तिने तक्ता पुढे ओढला. चौतीस वर्षांत तिने तक्त्यात कधी खोटं लिहिलं नव्हतं, मग समोर मोठे डॉक्टर असोत की पेपरवाले. तिने लिहिलं, '१२.३०. रुग्ण अचानक बंद. एकूण चित्रं ३१०. कारण जाईबाईंचा पंखा.' मग जाईबाई मान वाकडी करून वाचताहेत असं दिसल्यावर तिने शेवटचे दोन शब्द खोडून 'फ्यूज' लिहिलं.

"मगे रडतंस कित्याक? फ्यूजच ना?" जाईबाई म्हणाल्या. पदर कमरेला, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि त्या गॅलरीतल्या मीटरबोर्डाकडे. मेन स्विच पाडला, जळलेली तार काढली, घरातून यजमानांच्या डब्यातली नवी तार आणून दातांनी तोडली आणि बसवली. वीस मिनिटांत ट्यूबलाइट लागली. स्वतःचा पंखा त्या स्वतःच परत घेऊन गेल्या, आणि जाताना त्याला म्हणाल्या, "जळलो मेलो तो. चाळीस वर्षांत आजच लाज काढूची होती?"

कमलने देव्हाऱ्याकडे बघत बटण दाबलं. मशीन सुरू झालं, पण नेहमीचं निळं चित्र येईना. काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. तिने चष्मा लावून दोनदा वाचली. ओव्हरक्लॉकिंगच्या सेटिंग्ज चालल्या नाहीत, एफ-वन दाबलंत तर पुन्हा बसवता येतील, एफ-टू दाबलंत तर मूळच्या सेटिंग्जवर सुरू होईल. पुन्हा कशा बसवायच्या हे तिला ठाऊक नव्हतं. मूळच्या म्हणजे काय ते तिला बरोबर कळलं, तिखट-तेल बंद, वॉर्डातला साधा डाएट. तिने एफ-टू दाबलं. मग हेरंबने दाखवलेल्या चित्रावर दोनदा क्लिक केलं. आकडा ३१०वरून ३११वर गेला तेव्हा तिने खुर्चीत अंग टाकलं.

पण जीव भांड्यात पडायला तयार नव्हता. कोपऱ्यात वेग लिहून येत होता, सकाळी चार पॉइंट आठ होता, आता चार पॉइंट एक. साध्या वेगात साडेसात, असं पोरगं म्हणालं होतं. त्यात मधली वीस मिनिटं फुकट गेलेली. म्हणजे कमिटी आली की काम अंधेरीला.

इकडे बिल्डिंगमध्ये बातमी पोचली होती. जाईबाईंनी जिन्यात फक्त एवढंच सांगितलं, की कमलकडच्याला शहाण्णव ताप चढला आणि मधे वीस मिनिटं तो गेलाच होता. आता परळमध्ये कोणाकडे आजारपण असेल तर समाचाराला जायचं असतं आणि रिकाम्या हाताने जायचं नसतं. दीडला समोरच्या मीराबाई तीन मोसंबी घेऊन आल्या. पाठोपाठ पहिल्या माळ्यावरचं कुटुंब ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घेऊन आलं. कोण आजारी आहे ते बघून त्यांचे चेहरे पडले, पण आणलेलं परत कसं न्यायचं? मग बसले, चौकशा केल्या. एकाने विचारलं, "बोलतो का?" शेवटी कमलने दाराला पाटी लावली, 'भेटीची वेळ चार ते सहा.'

तीनला हेरंबचा फोन आला. मागे करवत चालू होती. "आई, किती आहे?"

"एकोणसत्तर," ती म्हणाली.

"काय? एकोणसत्तर?" तो ओरडला. "चार पॉइंट आठला एकोणसत्तर? फुकटच्या पंख्यावर? बघ, सगळे म्हणत होते जळेल, जळेल! आई, हे मी ग्रुपवर टाकतो!"

"हेरंब, ऐक ना, मधे जरा..."

फोन बंद झाला. कमल सिस्टरने परत लावला, तो उचलेना. तिने तक्त्याकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच दुपारनंतरचा चित्रांचा रकाना नीट वाचला. दोन ते तीन, एकशे अठरा. एक ते दोन, एकशे अठरा. तिने बोट ठेवून वर वर मोजलं. नऊ ते दहा एकशे दहा, दहा ते अकरा पंच्याण्णव, अकरा ते बारा पंचाहत्तर. आपलं काही चुकतंय असं समजून तिने पुन्हा मोजलं. ताप उतरल्यावर रुग्णाला भूक लागते हे तिला ठाऊक होतं, पण मशीनच्या बाबतीत एवढा विश्वास ठेवायला तिचं मन धजेना. मग ती आकड्यासमोर बसून राहिली. चार वाजले. पाच वाजले. दोन मोसंबी तिनेच खाल्ली.

पावणेसहाला अण्णा आले, लालबागच्या त्या मंडळाचे अध्यक्ष. हातात सोललेलं शहाळं. अण्णा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत असत आणि मोठा आवाज ही त्यांची तिथली कमाई होती. "सिस्टर, कोण सीरियस आहे म्हणे? मला आताच कळलं. काही लागलं तर मंडळाची ॲम्ब्युलन्स आहे!"

कोण सीरियस आहे हे तिने बोटाने दाखवलं. अण्णा पंख्यासमोर कपडे काढून बसलेल्या मशीनकडे बघत राहिले. तेवढ्यात जिना चढून हेरंब धापा टाकत आला. "अण्णा, तुम्ही इथे? झालंच! आई, किती राहिलीत?"

"अकरा."

तिघेही स्क्रीनपुढे उभे राहिले. दहा. नऊ. दारात जाईबाई येऊन थांबल्या. सहाला दहा कमी असताना नऊशेचा आकडा पूर्ण झाला. हेरंबने तिथेच फिल्म लावली. अंधारात भोंगा वाजला, एकेका खोलीत दिवा लागला, आणि जिन्यांवरून डबे घेतलेली माणसं खाली उतरू लागली. फिल्म संपल्यावर अण्णांनी हातातलं शहाळं स्वतःच पिऊन टाकलं आणि डोळे पुसले. "कमिटीबिमिटी काय नाय," ते म्हणाले. "पास!"

हेरंबच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "अण्णा, माहितेय, कसं जमलं? ओव्हरक्लॉकिंग. कंपनी म्हणते चार पॉइंट एक, मी पळवला चार पॉइंट आठवर. साध्या वेगात हे साडेसातला झालं असतं. हे बघा, इथे वेग लिहून येतो..." त्याने बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. "चार पॉइंट एक? असं कसं?"

जाईबाई एकाएकी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागल्या. कमलला वाटलं, गप्प राहावं. काम झालंय, पोरगं खूष आहे, कोणाचं काय बिघडतंय? पण तक्ता टेबलावरच होता आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं. तिने तो उचलून त्याच्या हातात दिला. "मधे बंद पडला होता. मला तुझं ते परत बसवता येईना. साध्यावरच चालवला मी दुपारभर. तुला सांगायला हवं होतं, सांगवलं नाही."

हेरंबने तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर. त्याचे ओठ आकडे पुटपुटत होते. "म्हणजे पळवत होतो तेव्हा तापून तापून तो स्वतःच हळू होत होता... आणि पत्रा काढून, पंखा लावून साधा सोडला तेव्हा... माझा साडेसातचा अंदाजही बंद कॅबिनेटचाच होता!" तो खाली बसला. "आई, चार पॉइंट आठवरच ठेवला असता तर रात्री आठ वाजले असते गं!"

"आण इकडे," अण्णांनी तक्ता घेतला आणि लांब धरून वाचला. "अरे, यात काय नवल? आमच्या खात्यात नवीन जॉबर, म्हणजे मुकादम, आला की साचे पळवायचा. साचा पळवला की धागा तुटतो. धागा जोडायला साचा थांबतो. संध्याकाळी कापड मोजलं की कालच्यापेक्षा कमी! हे तुला विचारायचं होतं तर मला विचारायचंस. नाहीतर आईला."

हेरंब हसायला लागला. तो हसला म्हणून जाईबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हळूच टीव्हीवर दुसरा थर म्हणून टाकला. कमल सिस्टरच्या छातीवरचं दिवसभराचं ओझं उतरलं. रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा तिला ड्युटी करून पाय दुखल्यासारखे वाटत होते, आणि ते तिला फार आवडलं.

"ग्रुपवर टाकलेलं काढ आधी," ती म्हणाली.

"नाही, हा तक्ताच टाकतो. पुढच्या कामालाही तूच बसायचंस हां. पुढचं महिनाअखेरीला आहे, आणि मी काय ठरवलंय माहितेय का..." त्याने भिंतीला डोकं टेकवलं. काय ठरवलंय ते कळलंच नाही, कारण वाक्याच्या मध्येच त्याचे डोळे मिटले होते.

कमलने त्याच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावून बघितली. मग मशीन बंद केलं, टेबलफॅन उचलून त्याच्याकडे वळवला, अण्णा आणि जाईबाईंना ओठांवर बोट ठेवून बाहेरची वाट दाखवली आणि दार लोटून घेतलं. शेवटी तक्ता पुढे ओढून तिने दिवसाची शेवटची ओळ लिहिली.

'६.१५. दोन्ही रुग्ण बंद. ताप नाही. उठवू नये.'